मेहरूणवरची सकाळ
आज पहाटे साडेपाचलाच पोरं घेऊन मेहरूण तलावावर गेलो, मे महिन्यात जळगावात आठनंतर पळवायचं म्हणजे तव्यावर टाकणंच. एक पोरगी खो-खोची, आता १०० मीटरपण पळायचंय म्हणते अन् घरचे म्हणता एकच खेळ धर. मी स्वतः कबड्डी, खो-खो, लांब उडी सगळंच खेळलो ना भो, गुडघा गेला तो भाग वेगळा 😄 तिला म्हटलं, खो मिळाल्यावर बसल्या जागेवरून कशी सुटते तशीच स्टार्टला सुट, फक्त लगेच मान वर करू नको. चौथ्यांदा जमलं, कसली सुटली! मग केळी खाल्ली, गाडीवाल्या काकांनी पैसेच घेतले नाही. संध्याकाळी तिच्या बाबांशी बोलायला जायचंय, तेवढं जरा अवघड आहे.