पॅसेंजरनेच का?

भुसावळहून नंदुरबारला जाण्यासाठी जलद गाड्या असताना तुम्ही वडिलांना घेऊन दर महिन्याला पॅसेंजरनेच का जाता, असे आमच्या चर्चच्या मंडळीतल्या अनेकांनी मला विचारले आहे. एकाने तर तिकिटाचे पैसे वाचवत असल्याचा संशयही बोलून दाखवला. तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो.

पंधरा वर्षे मी मंडळीचा सेक्रेटरी होतो. रविवारची उपासना, बुधवारची प्रार्थनासभा, नाताळाचा हिशेब हे सगळे माझ्याकडे असे, आणि बाबा एकाच घरात राहत असूनही आमचे बोलणे ‘गोळी घेतली का’ आणि ‘जेवलात का’ यांपलीकडे जात नसे. प्रभूचे काम म्हटले की घरात कोणी हरकत घेत नाही, ही सोय मला चांगली ठाऊक होती. एका रविवारी मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय वाचण्याची पाळी माझ्यावर आली. आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण केलेले आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांना येशूने तेथे खडसावले आहे. बाबांना पैशाची कमतरता मी कधी भासू दिली नव्हती, पण वेळ मात्र मी असाच कुर्बान करून ठेवला होता. त्या वर्षअखेरीस मी सेक्रेटरीपद सोडले.

सवड काढली तरी बोलणे लगेच सुरू झाले नाही. घरी खुर्च्या समोरासमोर मांडून बसलो की बाबा विचारत, “काही काम होतं का?” गाडीत मात्र दोघेही खिडकीबाहेर पाहतात, आणि जन्मभर रेल्वेत फिटर असलेल्या माणसाला रुळांच्या आवाजात मोकळे वाटत असावे. लूकच्या चोविसाव्या अध्यायात यरुशलेमहून अम्माऊसकडे निघालेल्या दोघा शिष्यांबरोबर पुनरुत्थित येशू चालू लागतो; ते त्याला ओळखत नाहीत, आणि त्याच्या वधस्तंभावरील मरणाबद्दलच बोलत असतात. ती वाट सुमारे अकरा किलोमीटरची आहे. घडलेले सर्व ज्याच्या स्वतःच्याच बाबतीत घडले, तोच त्यांना ‘कोणत्या गोष्टी?’ असे विचारतो आणि त्यांना सगळे सांगू देतो. हा प्रश्न मी त्याच्याकडूनच उचलला आहे. बाबांनी एखादा जुना विषय काढला की ‘हे तुम्ही सांगितलंय’ असे म्हणण्याची सवय मोडून मी ‘म्हणजे काय झालं होतं?’ असे विचारतो. (बाबांना वांग्याचे भरीत आवडत नाही, हे मला अशाच एका प्रवासात अमळनेरच्या आसपास कळले. आईने चाळीस वर्षे ते त्यांच्यासाठी म्हणून केले.)

गेल्या हिवाळ्यात दोंडाईचा सोडल्यावर मी त्यांना आजीबद्दल विचारले. नंदुरबारजवळ मिरची वाळत घातलेल्या पथारी दिसू लागल्या होत्या, जमीन लालभडक झाली होती. बोलता बोलता बाबा मराठीवरून अहिराणीवर आले आणि आईची ‘माय’ झाली. माय पथारीवर मिरचीचे देठ खुडायला जाई. कितीही धुतले तरी बोटांचा तिखटपणा जात नसे, म्हणून रात्री मुलांच्या गालावरून ती हाताची मागची बाजू फिरवी.

आमच्या घरी रात्रीची प्रार्थना संपली की बाबा आम्हा भावंडांच्या गालावरून असाच उलटा हात फिरवत. तळहाताने त्यांनी आम्हाला कधी कुरवाळले नाही, आणि हा माणूस मायेतही हात राखून वागतो, असे मी पन्नाशी उलटेपर्यंत समजत होतो. मी त्यांना तसे सांगितले. ते स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. आपण असे करतो हे त्यांच्याही कधी ध्यानात आले नव्हते.

जलद गाडीने गेलो असतो तर एव्हाना बहिणीच्या घरी चहा घेत बसलो असतो. गाडी सिग्नलला बराच वेळ थांबली होती. बाबांनी विचारले, “तू लहानपणी अंधाराला फार भ्यायचास. आता भीती कशाची वाटते?” पन्नास वर्षांत हे मला कोणी विचारले नव्हते. गाडी हलली, नंदुरबार आले, सामान उतरवावे लागले. उत्तर अजून द्यायचे आहे, आणि पुढच्या महिन्याचा प्रवास ठरलेला आहे.