छतावरचा दिवा आणि हरवलेली सावली

कच्च्या रस्त्यांवर रात्री गाडी घालायला लागले, त्या पहिल्या वर्षी मी केलेली चूक बहुतेक सगळेच करतात, असे आता इतरांच्या गाड्यांकडे पाहून वाटते. मिळेल तो सर्वांत लांब एलईडी लाइट बार घेतला, समोरच्या काचेच्या वर छतावर बसवला आणि अंधाराचा प्रश्न सुटला असे मानून मोकळी झाले. पहिल्याच रात्री बटण दाबल्यावर समोरचे रान पांढरेशुभ्र उजळले, आणि तासाभरात डावीकडचे पुढचे चाक गुडघाभर खोल चरात उतरले. चर प्रकाशात होता, डोळ्यांसमोर होता, तरी तो मला दिसला नाही. खाली उतरून टॉर्च कमरेच्या उंचीवर धरला, तेव्हा त्याच चराची कड काळ्या शाईने रेघ ओढावी तशी उठून दिसली.

जमिनीचा उंचसखलपणा आपल्याला सावलीमुळे कळतो. दिवा डोळ्यांच्या जवळ आणि साधारण त्यांच्याच दिशेने असेल, तर प्रत्येक दगडाची आणि खड्ड्याची सावली नेमकी त्या वस्तूच्या आड पडते, म्हणजे जिथे ती आपल्याला दिसत नाही तिथे. कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशमध्ये काढलेला चेहरा सपाट दिसतो, त्याचे कारणही हेच. उलट बंपरच्या उंचीवरून निघणारा झोत जमिनीला घासून जातो, त्यामुळे चाकोरीची कड, मधला उंचवटा, सुटा दगड यांच्या लांब सावल्या पडतात आणि चाक कुठून न्यायचे हे आधीच ठरवता येते. म्हणून मी विचारणाऱ्याला सांगते की किती वॅटचा दिवा घ्यावा हे नंतर पाहू, आधी तो कुठे बसणार ते सांगा.

छतावरच्या दिव्याचे आणखी दोन दोष वापरल्यावरच कळतात. त्याचा प्रकाश बॉनेटवर पडून थेट डोळ्यांत परततो, आणि फिकट रंगाच्या गाडीत हा त्रास इतका होतो की काही जण बॉनेटवर काळा, चमक नसलेला पट्टा चिकटवतात. दुसरे म्हणजे धुरळा, पाऊस किंवा धुके असताना झोत आपल्या दृष्टीच्या रेषेलगतच्या कणांना उजळतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. पुढे दुसरी गाडी धुरळा उडवत चाललेली असेल तर सर्वांत मोठा दिवा सर्वांत आधी बंद करावा लागतो.

धुक्याचा विषय निघाला की पिवळ्या दिव्याची बाजू घेणारे हमखास सांगतात की पिवळा प्रकाश धुके भेदून जातो. ते खरे नाही. धुक्यातले थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कित्येक पट मोठे असतात, त्यामुळे ते सर्व रंग जवळपास सारखेच विखुरतात. आकाश निळे दिसण्याचे कारण इथे लागू होत नाही. तरीही माझ्या गाडीचे खालचे दिवे पिवळे आहेत, कारण निळा भाग गाळलेला प्रकाश डोळ्यांना कमी टोचतो आणि दोन-तीन तास धुरळ्यात चालवल्यावर तो फरक जाणवतो. फ्रान्समध्ये तर १९३६ पासून १९९३ पर्यंत गाड्यांचे हेडलाइट पिवळेच असत. परंतु धुक्यात रंगापेक्षा जास्त काम करते ती दिव्याची कमी उंची, आणि झोताची वरची कड चाकूने कापल्यासारखी असणे.

खोक्यावरच्या आकड्यांकडे जरा संशयाने पाहावे. ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कुठे जातो हे ल्युमेन सांगत नाही. जमिनीवर प्रत्यक्ष किती पडतो ते लक्स सांगते, आणि अंतर दुप्पट झाले की लक्स एक चतुर्थांश होते. टॉर्चच्या पाकिटावरचा पल्ला ज्या प्रचलित पद्धतीने मोजतात, तीत ०.२५ लक्स उरेल तिथवरचे अंतर धरतात, म्हणजे साधारण निरभ्र रात्रीच्या पौर्णिमेइतका उजेड. गाडीच्या दिव्यांचे चांगले उत्पादक १ लक्सपर्यंतचा पल्ला देतात. त्यामुळे २०० मीटर लिहिलेला टॉर्च १ लक्सच्या मापाने १०० मीटरचाच ठरतो, आणि या दोन आकड्यांची तुलना करणारा हमखास फसतो. नुसते वॅट सांगणाऱ्या जाहिरातींबद्दल काही न बोललेलेच बरे; आतल्या एलईडींची संख्या गुणिले प्रत्येकीची कमाल क्षमता असा तो हिशेब बऱ्याचदा असतो आणि दिवा प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही वीज घेत नाही.

मुळात किती लांबचे दिसायला हवे, हा प्रश्न वेगाचा आहे. खराब वाटेवर ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, चालकाला सावध व्हायला लागणारा दीड सेकंद धरूनही, सैल मातीवर साधारण २०-२५ मीटरांत थांबते. तिथे ५०० मीटर लांब जाणारा अरुंद झोत निरुपयोगी असतो; वळणाच्या आतली बाजू, उजवी-डावीकडची झुडपे आणि चाकासमोरची जमीन दाखवणारा पसरट प्रकाश कामाचा असतो. मोकळ्या, सरळ पट्ट्यांवर वेग वाढत असेल तरच ८-१० अंशांचा लांब झोत घेण्यात अर्थ आहे. दोन्ही हवे असतील तर वेगवेगळे दिवे आणि वेगवेगळी बटणे ठेवावीत. सार्वजनिक रस्त्यावर आले की हे सगळे दिवे बंद करावेत. अनेक देशांत तर ते झाकून ठेवणे कायद्यानेच बंधनकारक आहे.

नवे दिवे घेण्याआधी मूळ हेडलाइटकडे पाहावे, हा सल्ला कोणालाच आवडत नाही. पिवळट पडलेली काच घासून स्वच्छ करणे आणि झोताची उंची भिंतीसमोर गाडी उभी करून लावून घेणे, एवढ्यानेच अनेकांचे निम्मे काम होते. ६०/५५ वॅटच्या (लांबच्या/जवळच्या झोताच्या) एच ४ या प्रकारच्या हॅलोजन बल्बच्या जागी १००/९० वॅटचा बल्ब बसवल्यावर होल्डर वितळलेला मी स्वतः पाहिला आहे. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घातला तर प्रकाश निघण्याची जागा थोडी सरकते आणि झोत विस्कटतो; चालवणाऱ्याला उजेड वाढल्यासारखे वाटते, समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

आता वायरिंग, जिथे माझ्या मते निम्म्याहून अधिक पैसे आणि वेळ जायला हवा, आणि जिथे सर्वांत कमी जातो. १२ व्होल्टवर १२० वॅटचा दिवा १० अँपिअर ओढतो. हा प्रवाह डॅशबोर्डवरच्या बटणातून न्यायचा नसतो. बटणाने फक्त रिले चालवायचा असतो, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० वर बॅटरीचा धन, ८७ वर दिवा, आणि ८५ व ८६ या दोन पायांमध्ये बटणाचा छोटा प्रवाह. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर असावा, दिव्याजवळ नव्हे, कारण तो दिव्यासाठी नसतोच. तो असतो वायरसाठी. मधे कुठे वायर सोलून पत्र्याला टेकली तर फ्यूजच्या अलीकडचा तुकडा कोणीही वाचवू शकत नाही.

वायरच्या जाडीचा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. जाण्या-येण्याची मिळून १० मीटर तांब्याची वायर, जाडी दीड चौरस मिलिमीटर आणि प्रवाह १० अँपिअर असेल तर सुमारे १.२ व्होल्ट वायरच खाते. अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर ०.७ व्होल्ट. हॅलोजनमध्ये व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले की प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. चांगल्या एलईडी दिव्यातले सर्किट प्रकाश टिकवून धरते, पण त्यासाठी जास्त प्रवाह ओढते आणि वायर आणखी तापते. पत्र्यातल्या छिद्रातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे छिद्राची धार झाकणारे कडे, हवाच. माझ्या गाडीत एका ठिकाणी तो राहून गेला होता. दोन महिन्यांच्या हादऱ्यांत वायरचे आवरण झिजून आतले तांबे सोन्यासारखे चकाकत होते, आणि फ्यूज अजून गेला नव्हता ही केवळ नशिबाची गोष्ट. दिवे लावताच वॉकी-टॉकीत किंवा रेडिओवर खरखर सुरू झाली तर दोष बहुधा दिव्यातल्या स्वस्त सर्किटचा असतो. वायर बदलून तो जात नाही.

दिव्यावर लिहिलेला आयपी ६७ हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास बुडवले तरी चालते. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी असते, त्यामुळे प्रेशर वॉशरची नळी थेट दिव्याच्या कडेवर धरू नये. दिव्याच्या मागच्या धातूच्या पट्ट्यांत (फिनमध्ये) चिखल वाळून बसला असेल तर तो खरवडून काढावा, कारण एलईडीची उष्णता तिथूनच बाहेर पडते.

मुक्कामाला पोहोचल्यावर सगळे नियम उलटतात. गाडीत असताना प्रकाश हवा असतो. तंबूजवळ बराचसा अंधारच हवा असतो आणि त्यात थोडे थोडे उजेडाचे डाग. एका मोठ्या दिव्याने सगळा तळ उजळला की त्याच्या कडेपलीकडे काहीच दिसत नाही, शेजारच्या तंबूतली माणसे वैतागतात आणि परिसरातले यच्चयावत किडे जेवणाच्या ताटाकडे धाव घेतात. पांढरी एलईडी ही मुळात निळी एलईडी असते आणि तिच्यावरचे पिवळे रसायन उरलेला रंग भरते; ज्या निळ्या एलईडीसाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तीच ही. दिवा जितका थंड रंगाचा, तितका त्यात निळा भाग जास्त, आणि अनेक कीटक निळ्या व अतिनील प्रकाशाकडे ओढले जातात. म्हणून २७०० केल्विनच्या (प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा जितका कमी तितका रंग उबदार) आसपासचे किंवा सरळ पिवळसर दिवे घ्यावेत, आणि चुलीजवळचा दिवा जेवायच्या जागेपासून थोडा लांब टांगावा. तंबूच्या आत दिवा छताच्या कापडाकडे तोंड करून लावला तर उजेड परतून मऊ होतो. गॅसचा किंवा रॉकेलचा कंदील मात्र तंबूत कधीही जळता ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो.

डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि कोणी हेडलॅम्प लावून आपल्याकडे वळून बोलले की ती मेहनत एका क्षणात वाया जाते. आमच्या गटात मुक्कामावर हेडलॅम्प कपाळावर न ठेवता गळ्यात अडकवण्याची पद्धत आहे. समोरच्याचे डोळे वाचतात आणि छातीच्या उंचीवरून पायवाटेवरचे दगडही नीट दिसतात, त्या चरासारखेच. लाल प्रकाशाला डोळ्यांतल्या दंडाकार पेशी फारसा प्रतिसाद देत नाहीत म्हणून तो रात्री सोयीचा, पण मंद असेल तरच. आणि नकाशावरच्या लाल रेघा त्यात नाहीशा होतात, हे एकदा अनुभवल्यावर विसरत नाही.

इंजिन बंद असताना दिवे कोणत्या बॅटरीवर चालतात याचा विचार आधी व्हावा. तळावरचे एकूण १० वॅटचे दिवे सहा तास चालले तर सुमारे ५ अँपिअर-तास खर्च होतात, तेवढ्याने काही बिघडत नाही. १२० वॅटचा बार मात्र अर्ध्याच तासात तेवढे घेतो. विसावलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचे व्होल्टेज १२.६ असेल तर ती भरलेली, १२.२ च्या आसपास आले की जवळपास निम्मी. गाडी सुरू करण्यासाठी बनवलेल्या बॅटरीला त्याखाली नेणे तिचे आयुष्य कमी करते. मी तळासाठी लहान, वेगळी बॅटरी ठेवते.

तो लांब बार मी टाकून दिलेला नाही. त्यावर दुधी झाकण लावून तो मागच्या दाराच्या वर बसवला आहे आणि तंबू उभा होईपर्यंतची दहा मिनिटे, किंवा रुतलेली गाडी ओढून काढताना, त्याच्यासारखा दुसरा दिवा नाही. समोरच्या छतात त्याच्यासाठी पाडलेली चार छिद्रे सीलंटने बुजवली. जोराचा पाऊस आला की त्यांतले एक अजून पाझरते, नेमके चालकाच्या सीटवर.