स्पेनच्या ग्रानादात घर मिळालं, पत्ता मिळायला सात आठवडे लागले

आधी एकच गोष्ट सांगते, पुढचं वाचलं नाही तरी चालेल. स्पेनमध्ये यजमान कुटुंबाकडे सहा महिन्यांहून जास्त राहणार असाल, तर पैसे भरण्याआधी त्यांना लेखी विचारा: 'मे पोदेइस एम्पाद्रोनार?' म्हणजे, तुमच्या पत्त्यावर नगरपालिकेत माझी नोंद करून द्याल का? स्वच्छ 'सी' आलं तरच पुढे जा. 'आल्यावर बघू' असं उत्तर आलं तर ते घर सोडा, मग खिडकीतून आल्हाम्ब्राचा प्रसिद्ध राजवाडा दिसत असला तरी.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पुण्यातून निघताना एजन्सीच्या कागदावर 'कागदपत्रांसाठी संपूर्ण साहाय्य' असं छापलेलं होतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचले, अभ्यासक्रम नऊ महिन्यांचा. एवढा मुक्काम असेल तर देशात शिरल्यापासून महिन्याभरात परदेशी ओळखपत्रासाठी, म्हणजे 'तिए'साठी, अर्ज करायचा असतो. त्यासाठी माझ्याकडे नगरपालिकेचा रहिवासी दाखला मागितला. दाखला आणायला गेले तर घरमालकाची सही हवी. आणि आमच्या सेन्योरांनी, म्हणजे यजमान बाईंनी, सही द्यायला साफ नकार दिला. जेवताना आग्रह करकरून वाढणारी ही बाई, पण कागदाचा विषय निघाला की गप्प. कारण नंतर कळलं. माझे पैसे त्या रोख घेत आणि ते कुठेच दाखवत नव्हत्या. एजन्सीला मेल केले, उत्तर आलं 'कुटुंबाशी बोला'. ८० युरो 'साहाय्य शुल्क' म्हणून आधीच घेतलेले होते.

त्यातच पोलिसांकडची वेळ, 'सीता प्रेव्हिया', मिळेना. ती सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. मी घाबरून एका फोन-इंटरनेटच्या दुकानदाराला ७० युरो दिले आणि त्याने घेतलेली वेळ माझ्या पासपोर्टच्या नावाशी जुळलीच नाही, म्हणून परत पाठवलं. हे पैसे अजून टोचतात. कुणालाही देऊ नका. मला शेवटी वेळ मिळाली ती रोज सकाळी आठच्या सुमारास पान उघडत बसून, नवव्या दिवशी. सरकारी फी वेगळी, १६ युरोंच्या आसपास, ७९० नंबरच्या फॉर्मने बँकेत आधी भरायची.

नावाचं खास आपल्या लोकांसाठी. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावं असतात आणि फॉर्मवर दोन रकाने असतात. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सलग लिहिलं की ते वडिलांचं नाव पहिलं आडनाव समजतात. माझी वेळ त्यामुळेच वाया गेली. पासपोर्टच्या 'आडनाव' रकान्यात जे असेल तेच पहिल्या रकान्यात लिहा, दुसरा कोरा सोडा. दाखला, विमा, फॉर्म, सगळीकडे तेच.

शेवटी मी घर बदललं. दुसऱ्या सेन्योरा, वय सत्तरच्या पुढे, सही करायला माझ्याबरोबर स्वतः नगरपालिकेत आल्या. दाखला हातात आला तेव्हा मी तिथल्या बाकावर बसून रडले. बोटांचे ठसे दिल्यावर कार्ड यायला आणखी महिनाभर लागला. त्या काळात नाताळला देशाबाहेर जायचं असेल तर परत येण्यासाठी वेगळा परवाना लागू शकतो, तिकीट काढण्याआधी हे बघा.

जेवण. 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. पहिल्या घरी मसुराच्या आमटीत चोरिसो, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, होता, सॅलडमध्ये ट्यूना, सूपमध्ये हाडांचा रस्सा. एकेक नाव घेऊन सांगा: मांस नाही, मासे नाही, हामोन (हॅम) नाही, 'आतून' (ट्यूना) नाही, काल्दो (मांस-हाडांचा रस्सा) नाही. अंडं खात असाल तर बटाट्याच्या तोर्तियावर, म्हणजे जाड ऑम्लेटवर, निभावतं. दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं साडेनऊला. सहाच्या सुमारास पोटात कावळे ओरडतात, खोलीत काहीतरी खायला ठेवा.

थंडीबद्दल सगळे चुकीचं सांगतात. ग्रानादा दक्षिणेत आहे, पण समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आणि वर सिएरा नेवादा पर्वतरांगेचा बर्फ. जानेवारीत घरातही लोकरी मोजे लागतात. हीटर ठरलेल्या तासांनाच चालतो, आंघोळ पाच मिनिटांत आटपायची असते. बैठकीतल्या गोल टेबलाखाली 'ब्रासेरो', म्हणजे छोटी शेगडी, असतो, जाड टेबलक्लॉथ मांडीवर ओढून सगळे तिथेच बसतात. माझं स्पॅनिश वर्गापेक्षा त्या टेबलाशी जास्त सुधारलं. इथले लोक शब्दाच्या शेवटचा 'स' खातात, पहिले पंधरा दिवस काही कळणार नाही, घाबरू नका. सेन्योरांना 'उस्तेद', म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', म्हणाले तर रागावल्या. आजीच्या वयाच्या बाईला 'तू' म्हणताना जीभ अडखळते, पण म्हणा.

आल्बाइसिनमध्ये, म्हणजे टेकडीवरच्या जुन्या वस्तीत, घर घेत असाल तर चाकांची मोठी बॅग नको. दगडगोटे बसवलेले चढ आहेत, माझं एक चाक पहिल्याच दिवशी तुटलं. पाठीवरची सॅक आणा आणि छोट्या बसने वर जा.

आल्हाम्ब्रा, सहली, सुट्ट्या सगळं छान झालं. तिकीट मात्र अधिकृत संकेतस्थळावरून लवकर काढा आणि पासपोर्ट जवळ ठेवा, तिकिटावर नाव असतं.