भागाकार, बाकी आणि गेमचा टायमर

गेम बनवायला शिकताना लुआ या प्रोग्रामिंग भाषेत मी आधी टायमर लिहायला घेतला. झालेला वेळ सेकंदांत मिळत होता, स्क्रीनवर मिनिटं हवी होती. १२५ ला ६० ने भागलं आणि २.०८३३३ अशी दशांशांची लांब शेपटी उमटली. लुआत साध्या तिरक्या रेघेने भागलं की पूर्णांकाला पूर्णांकाने भागूनही अपूर्णांक कापला जात नाही. तो कापणं आपलं काम.

त्यासाठी मॅथ.फ्लोअर आहे. त्याच्या कंसात भागाकार टाकला की त्या उत्तराहून मोठा नसलेला सर्वांत जवळचा पूर्णांक हाती येतो. २.०८ चे २ झाले, मिनिटं मिळाली. उरलेले ५ सेकंद मिळवायला टक्क्याचं चिन्ह: १२५ % ६० म्हणजे ५. शाळेत घोकलेलं 'भाज्य = भाजक × भागाकार + बाकी' इथे जसंच्या तसं उभं राहिलं आणि मला मनापासून आनंद झाला. लुआ ५.३ पासून दोन तिरक्या रेघा, म्हणजे १२५ // ६०, असं लिहिलं तरी तेच उत्तर येतं. सेकंद एक अंकी असतील तर त्यांच्या आधी शून्य लावायला हवं, नाहीतर घड्याळात २:५ दिसतं.

खरी गंमत नकाशाच्या वेळी आली. चौकोनी टाइल, प्रत्येकी ३२ पिक्सेलची. पात्र कुठल्या टाइलवर आहे हे काढायचं तर त्याच्या आडव्या स्थानाला ३२ ने भागून खाली उतरवायचं. ७० वर असेल तर टाइल २. पण पात्र शून्याच्या डावीकडे गेलं की? स्थान उणे ५ असताना भागाकार उणे ०.१५ च्या आसपास येतो आणि फ्लोअर त्याचं उणे १ करतं, शून्य नाही. संख्यारेषेवर डावीकडे सरकणं म्हणजेच खाली जाणं. बाकीही त्याला धरूनच येते: लुआत -५ % ३२ चं उत्तर २७, कारण ३२ × (-१) + २७ = -५. म्हणजे पात्र टाइल उणे १ मध्ये डाव्या कडेपासून २७ पिक्सेलवर उभं आहे. अगदी बरोबर!

हेच गणित सी शार्प या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत पूर्णांकांनी करून पाहिलं. तिथे पूर्णांकांचा भागाकार शून्याच्या दिशेने कापला जातो, त्यामुळे -५ / ३२ चं उत्तर ० येतं. परिणामी उणे ३१ पासून ३१ पर्यंतचे ६३ पिक्सेल एकाच टाइलमध्ये जमा होतात. मधली टाइल जवळजवळ दुप्पट रुंद, बाकीच्या नीट. शून्याच्या उजवीकडेच खेळून पाहिलं तर हे कधीच लक्षात येत नाही, म्हणून मी नकाशा तपासताना पात्राला आधी डावीकडे पळवते. सी शार्प वापरणाऱ्या युनिटी या गेम बनवायच्या साधनात यासाठी ३२ च्या जागी दशांशातला ३२ घेऊन भागायचं आणि उत्तर मॅथएफ.फ्लोअरटूइंटमधून काढायचं.

प्रत्येक ठिकाणी खाली उतरवणंही बरं नव्हे. पात्राची ताकद ०.४ उरली असेल आणि आपण फ्लोअर वापरून ० दाखवलं, तर जिवंत पात्र खेळणाऱ्याला मेलेलं वाटेल. तिथे वर चढवणारं मॅथ.सील हवं, आणि तेही फक्त दाखवण्यापुरतं. मूळ आकडा दशांशासकट तसाच ठेवायचा, नाहीतर प्रत्येक फटक्याला थोडी थोडी ताकद वाढत जाते.

दशांशांचा आणखी एक चकवा आहे. ०.३ ला ०.१ ने भागलं तर ३ यायला हवेत, पण संगणक दशांश द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ च्या, पद्धतीत साठवतो आणि ०.१ त्यात नेमका मावत नाही. उत्तर २.९९९९९ असं काहीतरी निघतं आणि फ्लोअर निमूटपणे २ देतं. त्यामुळे आता मी वेळ मिलिसेकंदांत पूर्णांक म्हणूनच मोजते: ३०० // १००, उत्तर ३.