बागेमध्ये बाबा बसू

यंदाच्या जानेवारीत आमच्या अंगणवाडीच्या भेट-नोंदीत ‘हिवाळ्याची कविता : पाठांतर अपूर्ण’ असा शेरा पडला. तो ज्या मुलीमुळे पडला, तिच्याइतकी ती कविता माझ्या वर्गात दुसऱ्या कोणालाही पाठ नव्हती, असे माझे मत आजही कायम आहे. शेऱ्याचे मला दुःख नाही. परंतु त्या सकाळी जे घडले ते कोणत्या रकान्यात मांडायचे हे मला अजून उमगलेले नाही, आणि विषय डोक्यातून जातही नाही, म्हणून लिहीत आहे.

आमची अंगणवाडी निफाड तालुक्यात, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या एका वस्तीवर आहे. निफाडची थंडी बाहेरच्यांना आकड्यांवरून माहीत असते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली उतरला की दुसऱ्या दिवशी ती राज्यभर बातमी होते. इथे राहणाऱ्यांना मात्र थंडी आधी बागेत दिसते. डिसेंबर-जानेवारीत द्राक्षाच्या मण्यांमध्ये पाणी उतरू लागलेले असते, म्हणजे ते मऊ आणि गोड होऊ लागलेले असतात, आणि अशा वेळी रात्रीचा पारा फार घसरला तर मण्यांची फुगवण थांबते, तयार होत आलेले मणी पहाटे तडकतात. गोड्या बहाराच्या, म्हणजे फळांसाठी ऑक्टोबरच्या सुमारास होणाऱ्या छाटणीपासून केलेला सगळा खर्च एका रात्रीत जाऊ शकतो. म्हणून कडाक्याच्या रात्री ओळींच्या मधून जागोजागी काडीकचरा पेटवून धूर आणि ऊब धरून ठेवतात, पहाटे विहिरीचे पाणी सोडतात, आणि हे सगळे करण्यासाठी कोणीतरी रात्रभर जागे राहते. लहान बागाईतदार स्वतः बसतात. मोठ्या बागांमध्ये पेठ, सुरगाणा भागातून छाटणीच्या वेळी आलेली आणि काढणीपर्यंत बागेतच खोपट करून राहणारी कुटुंबे हे काम करतात. माझ्या वर्गात दोन्हीकडची मुले एका सतरंजीवर बसतात.

अशा मुलांना हिवाळ्याची कविता शिकवायची तर ती त्यांच्या हिवाळ्याची असली पाहिजे, याबाबत मी फार आग्रही आहे. मोबाइलवर मिळणाऱ्या थंडीच्या गाण्यांत बर्फ पडतो, बर्फाचा बाहुला गाजराचे नाक लावून उभा राहतो, आणि पडद्यासमोर बसलेले मूल डोळे विस्फारून ते पाहत राहते. मूल शांत बसते एवढ्याच कारणासाठी काही ठिकाणी ही गाणी वर्गाच्या वेळेत लावली जातात, हे मला अजिबात मान्य नाही. त्या गाण्यातला एकही शब्द मूल संध्याकाळी घरी वापरत नाही. ताराबाई मोडकांनी आणि अनुताई वाघांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले तेव्हा बालशाळा मुलांच्या अंगणापर्यंत नेली, आणि आमच्या केंद्रांच्या नावात ते अंगण आजही आहे. मग कवितेनेही अंगणातच राहावे, असे मला वाटते. म्हणून दर हिवाळ्यात मी स्वतःच चार-सहा ओळी जुळवते. यंदाच्या ओळी अशा होत्या :

थंडी आली, थंडी आली,
धुक्यामध्ये वाट बुडाली.
हातावरती हात घासू,
शेकोटीच्या भोवती बसू.
बाजरीची भाकर गरम,
वर लोण्याचा गोळा नरम.

या कवितेला साहित्य म्हणून काही किंमत नाही, पण ती पाठ होण्यासाठी बांधलेली आहे. प्रत्येक ओळीत टाळीचे चार ठोके बसतात, कारण मोठ्या गटातले मूलही एका श्वासात त्याहून लांब ओळ पेलू शकत नाही. यमक जोडीजोडीने आहे, कारण एक ओळ सोडून येणारे यमक या वयाच्या कानाला सापडत नाही. प्रत्येक जोडीला एक हालचाल आहे आणि तीही त्या शब्दाचीच आहे. हात घासायचे म्हणजे खरोखर घासायचे, त्यात ऊब येईपर्यंत. शोभेच्या हातवाऱ्यांनी कविता पाठ होत नाही, उलट मुले हातवारे लक्षात ठेवतात आणि शब्द सोडून देतात.

‘माझ्यामागे म्हणा’ ही पद्धत मी वापरत नाही. तिने मूल ओळीचा शेवट तेवढा उचलते आणि मधला भाग नुसत्या सुरावर गुणगुणत पुढे जाते. तीस मुलांच्या आवाजात ते कळतही नाही, आणि आपल्याला वाटते सगळ्यांना पाठ झाली. मी पहिले काही दिवस मुलांकडून काहीच मागत नाही. हात धुताना, खिचडीची वाट पाहताना, चपला ओळीने लावताना मी एकटीच पूर्ण कविता म्हणते. अर्धी कधीच नाही, कारण मुलाला आधी संपूर्ण आकार ऐकू यावा लागतो. मग एखाद्या दिवशी मी ओळीचा शेवटचा शब्द गाळते आणि थांबते. ‘धुक्यामध्ये वाट...’ म्हणून मी गप्प राहिले की कोपऱ्यातून कोणीतरी ‘बुडाली’ म्हणते. पुढे दोन शब्द गाळते, मग पूर्वार्धच म्हणते, आणि एके दिवशी नुसते हात घासले की ओळ मुलांकडून येते. त्यानंतर हळू आवाजात, मोठ्या आवाजात, बसून, उड्या मारत, शेवटी ओठ मिटून मनातल्या मनात आणि फक्त टाळीवर. हा शेवटचा टप्पा माझ्या विशेष आवडीचा आहे. सगळा वर्ग आवाज न करता एकाच ठिकाणी येऊन थांबला की कविता बसली असे मी मानते. नवीन कविता कधीही सोमवारी सुरू करत नाही आणि शनिवारी विचारत नाही. मधल्या झोपांना आणि सुट्टीला त्यांचे काम करू द्यावे लागते.

पाठांतर म्हणजे घोकंपट्टी आणि लहान मुलांना ती नकोच, असे प्रशिक्षणांतून हल्ली वारंवार ऐकवले जाते. मला हे पटत नाही. ज्या घरात पुस्तक नाही, तिथल्या मुलाकडे स्वतःची अशी जी भाषा जमा होते ती पाठ असलेल्या गाण्यांचीच असते, आणि ती कोणी काढून घेऊ शकत नाही.

ती मुलगी साडेचार वर्षांची, बागेतल्या खोपटात राहणारी. नोव्हेंबरात आली तेव्हापासून खांबाला टेकून बसायची आणि बोलायची नाही. खिचडी खायची, मणी ओवायची, ठोकळ्यांचे मनोरे तर इतके नेटके रचायची की मी तिच्या शेजारी इतरांना मुद्दाम बसवत असे. पण कवितेच्या वेळी तोंड मिटलेले. अशा मुलांना मी नाव घेऊन उभे करत नाही. आमच्या मदतनीस ताईंच्या नजरेतून मात्र काही सुटत नाही. एक दिवस भांडी विसळताना त्या म्हणाल्या, “ताई, ती म्हणत नाही, पण टाळी बरोबर ठोक्यावर मारते. एक ठोका चुकत नाही.” मी पाहिले तर खरोखरच बोटे गुडघ्यावर चालू होती, तीही मिटल्या ओठांच्या टप्प्यात सगळ्यांच्या आधी थांबणारी. वर्गावर लिहिलेल्या अनेक अहवालांपेक्षा त्या एका वाक्याचे मोल मला जास्त वाटते.

पर्यवेक्षिका मॅडम आल्या ती सकाळ फार थंड होती. आदल्या रात्री सगळ्या बागांत शेकोट्या पेटलेल्या होत्या, वर्गाच्या दारापर्यंत धुराचा वास होता, आणि निम्मी मुले अर्धवट झोपेतच आली होती. वजन-उंचीच्या नोंदी, मोबाइलमधल्या हजेऱ्या, आहाराचा साठा, हे सगळे नेहमीप्रमाणे आटोपले. मग मॅडम म्हणाल्या, “हिवाळ्याची कविता घ्या.” मुलांनी सुरुवात चांगली केली. ‘हातावरती हात घासू’ येथे तीस जोड्या हात घासले गेले आणि त्याच क्षणी खांबाजवळून एक मोठा, खरखरीत, न वापरलेला आवाज आला :

“बागेमध्ये बाबा बसू!”

सगळी मुले थांबली. ती थांबली नव्हती. सगळ्यांचे डोळे तिच्याकडे लागलेले असताना तिने हात घासत पुढच्या दोन ओळी, बाजरीची भाकर आणि लोण्याचा गोळा, एकही शब्द न चुकता एकटीने पूर्ण केल्या आणि पुन्हा खांबाला टेकली. त्यानंतर बाकीच्यांना कविता जमेना. चौथ्या ओळीवर काही जण शेकोटी म्हणू लागले, काही जण बाबा, आणि सगळे विस्कटले. मॅडमनी नोंद केली.

त्या ओळीकडे मी पुन्हा पुन्हा वळते. तिने काय केले ते पाहा. माझ्या ओळीचे चार ठोके तिने जसेच्या तसे ठेवले, ‘घासू’शी जुळणारे ‘बसू’ जागेवर ठेवले, शेकोटीतले बसणेही ठेवले. फक्त बसणारा माणूस बदलला आणि त्याची जागा बदलली. ‘बाबा बसू’ हे कोणत्याही घरात बोलले जाणारे मराठी नाही. ही मुलगी ‘बाबा बसतो’ असेच म्हणते, मी नंतर ऐकले आहे. म्हणजे यमक आणि व्याकरण यांतले एकच राखता येईल अशा ठिकाणी तिने यमक राखले. ज्याला कविता नुसती ऐकून ऐकून अर्धवट आठवते ते मूल शब्द गाळते किंवा जवळच्या आवाजाचा निरर्थक शब्द घालते. असे बदल मी ढिगाने ऐकले आहेत आणि ते लगेच ओळखू येतात. इथे ओळीचा साचा इतका पक्का झालेला होता की तिला त्यात दुसरे खरे भरता आले. चुकीचे पाठांतर आणि असा बदल यांत अंतर आहे, आणि ते ऐकू येण्यासाठी कान तयार असावा लागतो.

मॅडमशी मी तेव्हाच बोलले. त्या वाईट नाहीत, त्यांच्याकडे केंद्रे भरमसाट आहेत आणि वेळ अपुरा आहे. त्या म्हणाल्या, “ताई, मला कळतंय हो. पण ओळ वेगळी आली आणि वर्गाला पूर्ण म्हणता आली नाही, हेही खरंच ना?” मी नाही म्हणू शकले नाही. तक्त्यात ‘पूर्ण’ आणि ‘अपूर्ण’ असे दोनच पर्याय होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० पासून तीन ते आठ हा वयोगट शिक्षणाचा पाया मानला, त्याचे मी मनापासून स्वागत केले होते. पण पायाची तपासणी दोन खुणांत होत असेल तर ज्याचे बोलणे त्याच सकाळी सुरू झाले ते मूल कागदावर वर्गाचे नुकसान म्हणूनच उमटणार, हे मला सहन होत नाही.

प्रकरण तिथे संपले नाही. दुसऱ्या दिवसापासून वर्गाने तिची ओळ उचलली. मी शिकवलेली नसताना, तिने एकदाच म्हटलेली असताना, आठवड्याभरात ‘बागेमध्ये बाबा बसू’ सगळ्यांच्या तोंडी बसली. मुलांच्या कानाला काय पटते याचा याहून स्पष्ट निकाल मला कधी मिळालेला नाही. फक्त एक मुलगा अडून बसला. त्यांची बाग मोठी आहे. त्याने कविता थांबवून मला सांगितले, “बाई, आमच्या बागेत बाबा नाही बसत. गडी बसतो.”

ती त्याच्या समोरच बसली होती. तिने ठोकळा खाली ठेवला नाही, आवाजही चढवला नाही. म्हणाली, “तो माझा बाबाए.”

तिचे खोपट त्यांच्याच बागेत आहे हे मला ठाऊक होते, पण त्या मुलाला ते तेव्हाच समजले असावे. तो तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “रात्रभर?” ती म्हणाली, “हो. आमच्याकडं नाही पेटवत.” तिचे म्हणणे मी समजले. शेकोट्या घडांसाठी असतात, खोपटात आई आणि मुले गोधडीत असतात आणि दाराला ताडपत्री असते. ‘शेकोटीच्या भोवती बसू’ हे मी ज्या ‘आपण’च्या वतीने लिहिले होते, त्यात ती नव्हतीच. मी त्या दोघांच्या बोलण्यात शब्द घातला नाही. वर्गात असे काही निघाले की बाईंनी लगेच तात्पर्य सांगण्याची आपल्याकडे फार घाई असते. मुलांना ते आपसात सरळ बोलता येते. त्या मुलाने नंतर काही दिवस चौथ्या ओळीला तोंड मिटून फक्त हात घासले आणि एके दिवशी इतरांबरोबर म्हणू लागला. घरी त्याने काही विचारले का, हे मला माहीत नाही, आणि मीही त्याच्या घरच्यांकडे विषय काढला नाही.

काढणी आटोपल्यावर ते कुटुंब सुरगाण्याकडे परत गेले. छाटणीला पुन्हा इथेच येणार असल्याचे तिच्या आईने सांगितले आहे. माझ्या कवितांच्या वहीत मूळ ओळीखाली मी तिची ओळ लिहिली आणि तारीख घातली. मॅडमकडे लेखी अर्ज दिला आहे, की पाठांतराच्या तक्त्यात ‘मुलाने बदललेली ओळ’ असा तिसरा रकाना असावा आणि त्यात ती ओळ मुलाच्या शब्दांत उतरवून घ्यावी. अर्ज पुढे पाठवल्याचे त्यांनी कळवले आहे. उत्तर यायचे आहे. तोवर मी ते माझ्या वहीतच करते आहे.

येत्या डिसेंबरात लहान गटात नवीन मुले असतील. त्यांच्याकडून कविता करून घेण्याचे काम मी या मुलीला देणार आहे. तेव्हा ती मोठ्या गटात असेल आणि ठोका तर तिचा पक्काच आहे. चौथी ओळ कोणती शिकवायची ते तिचे तिने ठरवावे.