फुटपाथवर किती लोक राहणार?

"काम पूर्ण झाल्यावर या प्रकल्पात अंदाजे किती लोक राहतील किंवा काम करतील?"

हा प्रश्न एका सरकारी फॉर्ममधला, आणि प्रकल्प म्हणजे आमच्या घराजवळचा चारशे फूट फुटपाथ. उत्तराच्या जागी कोणीतरी इमानदारीत लिहिलं होतं, 'एकही नाही.' मी हे बाबांना फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ते आधी खोकला येईपर्यंत हसले. मग जरा थांबून म्हणाले, "पण आपल्याकडे हा प्रश्न विचारला पाहिजे. आपल्याकडे राहतात ना लोक फुटपाथवर."

मी राहते वॉशिंग्टन राज्यात. राष्ट्राध्यक्षांचं वॉशिंग्टन देशाच्या दुसऱ्या टोकाला, हे सिअॅटलकडचं. नागपुरात कोणाच्याही लग्नात गेले की हे एकदा तरी समजावून सांगावं लागतं, म्हणून इथेच सांगून टाकते. आमचं शहर छोटं. पाऊस ऑक्टोबरमध्ये सुरू होतो आणि थेट मे महिन्यातच दम घेतो, पण आपल्यासारखा कोसळत नाही. झिमझिम, दिवसभर, छत्री उघडावी की नाही असा. रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ, रेघेपलीकडे चिखल, चिखलापलीकडे नाली. लेकीला स्कूलबसच्या थांब्यापर्यंत सोडायला जाताना आम्ही दोघी त्या रेघेवरून सर्कशीतल्यासारख्या चालायचो आणि बाजूने ट्रक जायचे. अमेरिकेत रस्ते गुळगुळीत, हे खरं आहे. पायी चालणाऱ्याचा विचार सगळीकडे झालेला असतो, हे मात्र खरं नाही.

2021 च्या पानगळीत एका खांबावर पांढरा फलक लागला. फुटपाथ होणार, पर्यावरणाची तपासणी झाली आहे, कागद बघा, काही म्हणायचं असेल तर 14 दिवसांत कळवा. मला वाटलं, फुटपाथच तर आहे, याला कसलं पर्यावरण? उत्सुकता म्हणून फाइल उघडली आणि रात्री साडेबारापर्यंत वाचत बसले.

या राज्याचा पर्यावरण धोरण कायदा 1971 चा. देशाचा त्याच्याआधीचा, 1 जानेवारी 1970 ला सही झालेला. त्या कायद्यांखाली साध्यासुध्या फुटपाथला बहुतेक वेळा सूटच मिळते, एक कागद भरला की विषय संपला. आमचा फुटपाथ अडकला तो एका नाल्यामुळे. चारशे फुटांच्या बरोबर मध्यावर रस्त्याखालून एक नाला जातो. नाला म्हटलं म्हणून नाक दाबू नका, स्वच्छ पाण्याचा आहे, दोन ढांगांत ओलांडता येईल एवढा. फुटपाथसाठी त्याच्यावरचा पाइप वाढवायचा, म्हणजे पाण्यात हात घालायचा. पाण्यात हात घातला की सूट नाही, पूर्ण फॉर्म भरा.

फॉर्ममध्ये सोळा विषय आहेत. माती, हवा, पाणी, झाडं, प्राणी इथपासून घरं, सौंदर्य, प्रकाश, ऐतिहासिक वारसा, वाहतूक इथपर्यंत. तोच फॉर्म मॉलला, तोच फुटपाथला. त्यामुळे विनोद होतात. 'सर्वांत उंच बांधकामाची उंची किती?' सहा इंच. 'किती घरं बांधली जातील, श्रीमंतांसाठी, मध्यमवर्गासाठी की गरिबांसाठी?' लागू नाही. 'परिसरात आढळणारे प्राणी, खूण करा: हरीण, अस्वल, एल्क, बीव्हर.' हरणावर खूण होती. अस्वलावर नव्हती, तेव्हा बाबांचा जीव भांड्यात पडला.

पण पाण्याच्या रकान्यात आले आणि हसू थांबलं. पावसाचं पाणी कुठून येईल? किती येईल? कुठे जाईल? पुढे दुसऱ्या कुठल्या पाण्याला मिळेल का? चार सरळ प्रश्न. आणि खाली पावणेदोन पानं उत्तर, नकाशासकट. काँक्रीट केलं की आजवर जमिनीत जिरणारं किती पाणी आता वाहणार, उतार कुठल्या बाजूला, कुठल्या घरासमोरून जाणार, सगळं लिहिलेलं.

मी ती पानं बाबांना पाठवली. बाबांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, कालव्यांच्या लेव्हली काढण्यात. त्यांनी चश्मा लावून प्रत्येक आकडा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर एकच म्हणाले, "नंबर तीनचं घर सखल आहे. तिथं पाणी थांबणार." मी तेच इंग्रजीत लिहून पाठवलं. खरं सांगते, पोच येईल असंही वाटलं नव्हतं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं, माझ्यासकट सगळ्यांच्या हरकती आणि त्यापुढे प्रत्येकीचा जबाब. तिसऱ्या घरासमोर एक जादा जाळी टाकू, असं त्यात होतं. नागपुरातल्या प्रतापनगरच्या झोपाळ्यावर बसलेल्या माणसाने अमेरिकेतल्या नालीचा नकाशा बदलला. बाबांनी ते पत्र प्रिंट काढून शोकेसमध्ये ठेवलं आहे, माझ्या डिग्रीच्या फोटोशेजारी. थोडं पुढेच, बहुतेक.

त्या नाल्यात कोहो जातीचे सॅल्मन मासे समुद्रातून अंडी घालायला येतात. पहिला मोठा पाऊस पडला की ते अंडी घालायच्या आधीच तडफडून मरायचे, कित्येक वर्षं कारण कळत नव्हतं. 2020 मध्ये इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते शोधून काढलं. टायर लवकर चिरू नये म्हणून रबरात एक रसायन घालतात. त्याची हवेतल्या ओझोनशी गाठ पडली की दुसरंच विष तयार होतं आणि झिजलेल्या टायरच्या भुकटीबरोबर पावसात नाल्यात उतरतं. गंमत अशी की हेच पाणी माती, वाळू आणि कंपोस्टच्या थरातून जिरवलं तर मासे वाचतात. म्हणून आमच्या फुटपाथ आणि रस्त्याच्या मध्ये झाडं लावलेला एक खोलगट पट्टा आला. येणाऱ्याजाणाऱ्याला ती बाग वाटते. आहे ती गाळणी.

मासे म्हणजे इथे नुसते मासे नाहीत. मूळ रहिवासी जमातींचा त्यांच्यावर करारानुसार हक्क आहे, आणि 1974 मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी पकडण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा असा निकाल दिला. त्यामुळे नाल्याला हात लावायचा तर जमातीच्या कार्यालयाला विचारावं लागतं. जमिनीत जुनं काही पुरलेलं आहे का तेही बघावं लागतं. एका सकाळी दोघं जण फावड्याने गुडघाभर खड्डे करून माती चाळणीने चाळत होते. आपण गहू चाळतो तशी, हलकेच. लेकीने विचारलं, काय सापडलं? त्यांनी बाटलीची हिरवी काच दाखवली आणि परत खड्ड्यात ठेवली.

आता तक्रार. हे सगळं होईपर्यंत तीन वर्षं गेली. माझी लेक तीन वर्षं त्याच चिखलातून बसपर्यंत गेली. सॅल्मनची काळजी घेणाऱ्या सोळा विषयांत 'तोपर्यंत मुलांनी चालायचं कुठून' हा विषय नव्हता. नाल्यातलं काम फक्त उन्हाळ्यातल्या ठरलेल्या आठवड्यांत करता येतं, मासे नसतात तेव्हा. एका वर्षी पैशांच्या मंजुरीला उशीर झाला आणि ते आठवडे हुकले, म्हणजे थेट पुढचा उन्हाळा. माझा नवरा म्हणायचा, हे लोक माशाला पंचांग बघून मुहूर्त देतात.

याच तीन वर्षांत नागपूरचा तो पाऊस झाला. 23 सप्टेंबर 2023 ची पहाट. आमच्याकडे शुक्रवारची दुपार होती, मी ऑफिसात. आईचा व्हिडिओ कॉल आला, तिने फोन उलटा धरला होता, त्यामुळे मला आधी छत दिसलं आणि मग पाण्यात तरंगणारी पायपुसणी. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदीकाठच्या ले-आउटांमध्ये लोक गच्चीवर चढले. आमचं घर नदीपासून लांब. तिथे आधी कधी पाणी शिरलं नव्हतं, 1994 च्या पावसातही नाही, असं आई अजून शपथेवर सांगते. मधल्या काळात फक्त एक गोष्ट बदलली होती. समोरचा डांबरी रोड सिमेंटचा झाला, जुना न खोदता त्याच्यावरच, आणि कडेला गट्टू, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, बसवून फुटपाथ. आठ दिवसांत काम फत्ते. सगळी गल्ली खूश होती, आम्हीही. मी तेव्हा बाबांना म्हटलंही होतं, बघा, आमच्याकडे अजून कागदच फिरून राहिले.

2024 च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे एकदाचं काँक्रीट पडलं. मी सुट्टी टाकून बघायला उभी राहिले, हे सांगायला लाज वाटते पण राहिले. काँक्रीट ओतायला दोन तास लागले. मिक्सरची गाडी धुवायला त्यांनी प्लास्टिक अंथरलेला खड्डा केला होता. ड्रायव्हरने पन्हाळं त्यावर फिरवलं, पाइपने धुतलं आणि दुधासारखं राखाडी पाणी खड्ड्यात साचलं. ते इतकं क्षारीय असतं की नाल्यात गेलं तर मासे मरतात. एक बाई कागदाच्या पट्ट्या घेऊन नाल्याच्या पाण्यात बुडवून रंग बघत होती, दर अर्ध्या तासाने. कोपऱ्यांवर व्हीलचेअर उतरेल असा उतार केला, बारा इंचांना एक इंचाहून जास्त चढ नाही. तो 1990 च्या अपंगांच्या कायद्याचा नियम.

या जानेवारीत नागपूरला गेले तेव्हा बाबांना त्या कोऱ्या फॉर्मची प्रिंट हवी होती. मला वाटलं, शोकेससाठी. पण ते पेन घेऊन बसले आणि आपल्या गल्लीसाठी भरू लागले. झालेल्या कामाचा फॉर्म, दोन-तीन वर्षं उशिराने.

आपल्याकडे नियम नाहीत असं नाही, हे त्यांनी मला बसवून सांगितलं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात फुटपाथ चालायला किमान 1.8 मीटर मोकळा हवा, उंची 150 मिलिमीटरच्या वर नको. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा सिमेंटशिवाय सोडा, असं राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीच्या प्रकरणात 2013 मध्येच सांगितलं. आमच्या फाटकाजवळच्या कडुलिंबाला गट्टू गळ्याशी आलेत. पर्यावरणाच्या मंजुरीची आपली अधिसूचना आहे 2006 ची, पण ती धरणं, खाणी, महामार्ग आणि वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या इमारती बघते. गल्लीतला रोड तिच्या खिजगणतीतही नाही. आणि हे नीरी, म्हणजे देशाची पर्यावरण संशोधन संस्था, ज्या शहरात 1958 पासून आहे त्या शहरात, असं म्हणून बाबांनी चहा मागितला.

'किती लोक राहतील किंवा काम करतील' इथे ते बराच वेळ थांबले. मग यादी लिहिली. कोपऱ्यावरचा पानठेला, एक. त्याच्या बाजूला सकाळी तर्री-पोहा लावणाऱ्या वहिनी, त्यांच्या मदतीला मुलगा, दोन. चपलावाला, एक. रात्री दुकानाच्या शटरसमोर झोपणारे, दोन, पावसाळ्यात तीन. फेरीवाल्यांचा कायदा 2014 चा आहे, तोही त्यांनी समासात लिहिला. मला कबूल करावं लागलं की अमेरिकेच्या त्या सोळा विषयांत पोहेवाल्या वहिनींना जागा नाही. त्यांच्या फुटपाथवर 'एकही नाही' असतो, म्हणून तो फॉर्म तसा आहे.

पाण्याच्या रकान्यासाठी बाबांना आकडा हवा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, स्वेटर आणि कानटोपी घालून, आम्ही गवंड्याची पाण्याची नळी घेऊन बाहेर पडलो. पारदर्शक नळी, पंधरा मीटर, आत पाणी भरलेलं. एक टोक आमच्या ओट्यावर, एक रोडच्या मध्यावर. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला येतं, मग टेपने मोजायचं. मला ओट्यावर उभं केलं होतं, पण माझा हात हलत होता. "अगं, अंगठा काढ, हवा अडकून राहिली!" शेवटी पानठेलेवाला शटर अर्धं उघडं टाकून आला आणि त्याने टोक धरलं, भिंतीसारखं स्थिर. बाबांनी गुडघ्यावर बसून टेप लावला. ओट्यापेक्षा रोड साडेसात इंच वर.

"पाणी त इकडेच येते न काका," तो म्हणाला, "सारी गल्ली जाणते. त्याच्यासाठी नळी काहून लावून राहिले?"

"लिहायचं आहे," बाबा म्हणाले, आणि कानामागचं पेन शोधू लागले.