शंकरपट झाला, पण अनामत अडकली

पट (म्हणजे बैलजोड्यांची शर्यत) पार पडला, बक्षिसं वाटून झाली, मंडपवाल्याचा हिशोबही चुकता झाला. अडकून बसली ती 50 हजारांची अनामत. नागपूर जिल्ह्यात पट भरवणाऱ्यांसाठी हे लिहितो, कारण परवानगी कशी काढायची ते सगळेच सांगतात, अनामत कशी सोडवायची ते कोणी सांगत नाही.

परवानगीचं काम तसं सरळ आहे. 2014 पासूनची बंदी 16 डिसेंबर 2021 ला अटींसह उठली, 18 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने राज्याचा कायदाही वैध ठरवला. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, सोबत अनामत किंवा बँक हमी द्यायची. धावपट्टी 1000 मीटरच्या आत हवी. आपला पट त्याहून कितीतरी आखूड, त्यामुळे ती अट बोचत नाही.

बोचतं ते चित्रीकरण. शर्यतीचं शूटिंग जमा करावंच लागतं. मी दिलं, तर टेबलावरून उत्तर एकच : ‘फाइल उघडत नाही.’ पुन्हा दिलं, पुन्हा तेच. का, ते सांगायला कोणी तयार नाही. कारणं निघाली दोन. बरेच पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीचे असतात, त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसतच नाही. म्हणून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. दुसरं, नवे मोबाइल एच.265 या व्हिडिओच्या नव्या फॉरमॅटमध्ये शूटिंग करतात. जुन्या कॉम्प्युटरवर त्याचा नुसता आवाज येतो, पडदा काळा. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आधीच एच.264 हा जुना फॉरमॅट निवडा. आयफोनवर 1080पी शूटिंग त्यात मिनिटाला साधारण 130 एमबी खातं, म्हणजे तासाला 8 जीबीच्या आसपास. दिवसभराच्या पटाला 64 जीबीचा पेनड्राइव्हही कमी पडू शकतो, दोन ठेवा.

हौशी पोट्टे ड्रोन उडवतात, उडवू द्या (त्याची परवानगी वेगळी). पण वरून धुरकऱ्याचे (बैलजोडी हाकणाऱ्याचे) हात दिसत नाहीत, आणि काठी-चाबूक वापरला नाही हेच तर दाखवायचं असतं. जोड्या सुटतात त्या आणि शेवटच्या रेषेवर एकेक कॅमेरा तिवईवर लावा, तारीख-वेळ उमटू द्या.

आणि हो, पशुवैद्यकीय दाखल्यावर बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी नंबर लिहून घ्या, फोटोतही तो वाचता यायला हवा. सगळे बैल सारखेच पांढरे दिसतात.

पेनड्राइव्ह देताना फाइल तिथल्याच कॉम्प्युटरवर चालवून दाखवा, मग पोचपावतीवर ‘चित्रीकरण पाहिले’ असं लिहून घ्या. नुसतं ‘पेनड्राइव्ह मिळाला’ लिहिलेल्या पावतीवर माझे पैसे सुटले नव्हते.